वाचून दाखविले, समजले, मान्य आहे

माझ्या थोरल्या लेकीचं, शिवलीलाचं, लग्न ठरता ठरता मोडलं ते साल एकोणीसशे एक्याण्णव. हे साल सांगायला मला कॅलेंडर लागत नाही.

मुलाकडची माणसं अक्कलकोटहून आली होती. सहा जण. आमच्या सोलापुरातल्या दोन खोल्यांत सतरंजी अंथरली होती, पोहे झाले होते, चहा चालला होता. मुलाचा बाप म्हणाला, "मुलगी पसंत आहे. आता सुपारी फोडायला हरकत नाही." माझे मालक, सिद्राम, सुपारी आणायला उठले आणि दारात एक हातगाडी येऊन थांबली. मागं स्कूटरवर मैंदर्गीकर शेठ.

"महानंदाबाई, मशीन काढा बाहेर."

मी उंबऱ्यात गेले. हळू आवाजात म्हणाले, "शेठ, पाव्हणे आलेत. उद्या या. पाया पडते तुमच्या."

"पाव्हणे आलेत म्हणूनच आज बरं. उद्या तुमची मशीन अक्कलकोटला गेली तर मी कुठं हुडकू?" असं म्हणून तो हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं हसला.

त्याची दोन माणसं चपला न काढता आत आली. मशीनवर शाळेच्या गणवेशाची निळी बाही अर्धी शिवून ठेवलेली होती. बाही तशीच सुईखाली, आणि त्यांनी मशीन उचलली. रीळ खाली पडलं. दोरा लांबत लांबत दारापर्यंत गेला आणि तुटला. मुलाच्या बापानं कप खाली ठेवला. "आम्ही कळवतो मागनं," एवढंच बोलला. सुपारी सिद्रामच्या हातातच राहिली.

चोवीस हप्त्यांतले एकवीस मी भरले होते. कावीळ झाली म्हणून दोन महिने शिवण बंद होतं, तेवढे दोन थकले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणाले, "राहिलेले तीनही हप्ते भरते, मशीन द्या." शेठनं कागद दाखवला. खाली माझा अंगठा. "हे वाच. भरलेले हप्ते मशीनचं भाडं धरलं जातील, असं लिहिलंय. भाडं कोण परत देतंय का? आणि मशीन आता दुसरीला दिली."

"मला वाचता येत नाही, शेठ."

"मग अंगठा कशाला लावलास? अंगठा लावायला येतंय की!"

दुकानात बसलेल्या चार बायका हसल्या. त्याही हप्तेवाल्याच. त्यांना राग येण्याऐवजी हसू कसं आलं, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. त्यांचे हप्ते चालू होते.

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस चार लोकांत मान खाली घालेल, तेव्हाच मी नीट जेवेन.

कोणीतरी सांगितलं, लॉ कॉलेजात शनिवारी एक बाई फुकट सल्ला देते. गेले. कोपऱ्यातल्या खोलीत देवस्थळी बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतल्या, केस पिकलेले, सुती साडी, नाकावर चष्मा. मुलं त्यांना पाठीमागं 'हप्तेबाई' म्हणायची. इतर प्रोफेसर खून-दरोडे शिकवायचे, राज्यघटना शिकवायचे. या शिकवायच्या हप्त्याचा कायदा. उधारीवर घेतलेली मशीन, पंखा, रिक्षा, त्याचा करार, त्याची जप्ती. एका प्रोफेसरनं माझ्यादेखत त्यांना चिडवलं होतं, "काय बाई, आज कुणाची शेगडी सोडवणार?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकवता ती फाशी वर्षाला एकाला होते. मी शिकवते तो हप्ता महिन्याला लाख जणांना भरावा लागतो." तरी त्यांचं नाव मोठं होतं. या विषयावर त्यांचं पुस्तक होतं, दिल्लीच्या कसल्याशा समितीत त्यांना बोलावलं होतं, आणि येत्या जूनला त्या प्रिन्सिपल होणार अशी कॉलेजभर चर्चा होती.

मशीन घेताना दोन कागदांवर अंगठा घेतला होता, त्यातला माझ्याकडचा कागद मी टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलला, बघितला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"मैंदर्गीकर," त्या म्हणाल्या.

"ओळखता?"

"या गावात हप्त्याचं काम करणारी मी. त्याला ओळखणार नाही तर कुणाला?" मग त्या उठल्या. "हा कागद जपून ठेव. मी झेरॉक्स काढून आणते."

त्यांनी ग्राहक मंचात तक्रार लिहून दिली. तिथं वकीलच पाहिजे असं नसतं, म्हणून माझ्या वतीनं त्याच उभ्या राहणार होत्या. निघताना म्हणाल्या, "तारखा पडत राहतील. तोवर तू वाचायला शिक."

"बाई, मला न्याय पाहिजे. शाळा नको. बेचाळीस वर्षांची घोडी झाले मी."

"मंचात त्यांचा वकील विचारणार, कागदात काय आहे. दर वेळी माझ्या तोंडाकडं बघणार आहेस का?"

मला ते झोंबलं. म्हणून शिकले. संध्याकाळी चार घरची धुणीभांडी उरकून कॉलेजात जायचे. मशीन गेल्यावर तेच काम उरलं होतं. पुस्तक नव्हतंच. तो झेरॉक्सचा कागदच माझं पुस्तक. पोरं 'ग' गणपतीचा शिकतात, मी 'ज' आधी शिकले, जप्तीचा. मग 'भ' भाड्याचा. 'थ' थकबाकीचा. बाई पेन्सिल ठेवायच्या आणि मी अक्षराला अक्षर जोडायचे. चुकले की त्या म्हणायच्या, "परत. घाई कुणाला आहे? त्याला आहे, तुला नाही."

सिद्राम थट्टा करायचे. "वकीलीणबाई, आज कुठवर आलं?"

"कलम नऊ."

"नऊमध्ये काय?"

"मशीन बिघडली तर दुरुस्ती आपण करायची."

"आन् माणूस बिघडलं तर?" असं म्हणून ते शिवलीलाकडं बघायचे. त्या दिवसापासून पोरगी दारात उभी राहायची नाही. पाण्याला सुद्धा शेजारणीला पाठवायची.

सहा महिन्यांत मी कलम चौदापर्यंत आले. 'हप्ता थकल्यास मालकास कोणतीही पूर्वसूचना न देता घेणाराच्या राहत्या घरात प्रवेश करून वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार राहील.' हे पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा मी कागद उलटा ठेवला.

"कोण असलं लिहितं हो, बाई? लिहिणाराला घर नसेल का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पुढं वाच."

पुढं अंगठ्याच्या वर एक ओळ छापलेली होती. 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, समजला व मान्य आहे.'

"खोटं आहे हे! मला कुणी काही वाचून दाखवलं नाही. त्याच्या गुमास्त्यानं माझा हात धरला आणि शाईत बुडवला."

"तो म्हणणार, दाखवलं. तू म्हणणार, नाही. आणि छापलेलं त्याच्या बाजूचं आहे."

"मग?"

"मग या ओळीवर आपण लढायचं नाही. नोटीस दिली नाही, या मुद्द्यावर लढू. थोडे पैसे परत मिळतील."

"पैसे नकोत मला. माझ्या पाव्हण्यांपुढं त्यानं माझी लाज काढली. त्याला खोटं पाडायचंय मला, चार माणसांत."

"ते सिद्ध करता येणार नाही, महानंदा."

त्या सरळ माझ्याकडं बघत म्हणाल्या. मी विश्वास ठेवला.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या मूळ कागद लागेल. घेऊन ये." दुपारी घरी जाऊन मी ट्रंकेतून तो काढला. आता वाचता येत होतं, म्हणून हौसेनं परत पहिल्यापासून वाचायला बसले. अंगठा झाला, साक्षीदार झाले. आणि त्याच्याही खाली, कागदाच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. माझ्या झेरॉक्सवर ती नव्हतीच. खिडकीत जाऊन, कागद उन्हाला धरून वाचली.

'मसुदा : ॲड. कु. शरयू के. मराठे, १९६८.'

मसुदा म्हणजे काय, ते बाईंनीच सांगितलं होतं. हात कुणाचाही असो, ज्याच्या डोक्यातनं कागद उतरतो त्याचा मसुदा. आणि बाईंच्या खोलीवरची पाटी मी सहा महिने रोज वाचत होते. 'प्रा. सौ. शरयू देवस्थळी.'

सिद्रामला विचारलं, "शरयू नाव किती जणींचं असतं हो?"

"आपल्यात तर एकीचंही नाही. का?"

मी तशीच कॉलेजात गेले. पॅसेजमध्ये सुवर्णपदकवाल्यांच्या नावांचा लाकडी फळा होता. त्याच्याखालनं मी कितीदा गेले असेन, पण वर बघायचं कारण नव्हतं. त्या दिवशी मान वर करून एकेक साल वाचत गेले. एकोणीसशे सहासष्ट, कु. शरयू केशव मराठे. शेजारी शिपाई झाडत होता. त्याला विचारलं, "या कोण?"

"आपल्या देवस्थळी बाई की! माहेरचं नाव हाय त्यांचं. लई हुशार बाई."

मी खोलीपाशी गेले. दार अर्धं उघडं होतं. बाई उद्याचे कागद लावत बसल्या होत्या. एकदा वाटलं आत जावं, कागद तोंडावर टाकावा. मग शेठचं हसणं आठवलं. पाव्हण्यांपुढं हसला होता तो, एकटीला गाठून नाही. मीही एकटीला गाठणार नव्हते. परत फिरले.

मंचाची खोली लहान होती. पुढं अध्यक्ष, रिटायर झालेले जज्ज. दोन बाजूला दोन सभासद. एक कारकून टाइपरायटरवर. मागं बाकांवर लोक. बाईंची विद्यार्थी मुलंही आली होती, दहा-बारा, बाई कशा बोलतात ते बघायला. एका वर्तमानपत्राचा माणूस होता. शेठ पांढऱ्या सफारीत.

बाई नोटिशीवर बोलल्या. छान बोलल्या. मग शेठचा वकील उठला. "साहेब, करार या बाईंना पूर्ण वाचून दाखवलेला आहे. तसं छापील लिहिलेलं आहे, खाली त्यांचा अंगठा आहे. चोवीस वर्षं हाच फॉर्म चालतोय, आजवर कुणी तक्रार केली नाही. ही बाई निरक्षर असल्याचा फायदा घेऊन आता नाही म्हणते."

मी उभी राहिले. "साहेब, मी बोलू?"

बाई दचकून माझ्याकडं वळल्या.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

"वाचून दाखवलं म्हणतात. वाचून दाखवणं म्हणजे काय, ते मी त्यांना दाखवते."

मूळ कागद माझ्या हातात होता. मी वाचायला लागले. कलम एक. कलम दोन. अडखळत, बोट ठेवून. शेठ घड्याळ बघायला लागला. वकील म्हणाला, "साहेब, याची काय गरज?" अध्यक्षांनी हात केला, "वाचू द्या. वेळ बघून ठेवा." कारकुनानं वेळ लिहिली. कलम चौदा मी मोठ्यानं वाचलं, 'राहत्या घरात प्रवेश करून'. मागं कोणीतरी च्‌च्‌ केलं. मग ती छापलेली ओळ. आता वाचायचं संपलं असं सगळ्यांना वाटलं. बाईंना सुद्धा. त्यांनी हात पुढं केला, कागद घ्यायला.

मी दिला नाही.

"अजून एक ओळ आहे," म्हणाले. "मसुदा. ॲडव्होकेट कुमारी शरयू के. मराठे. एकोणीसशे अडुसष्ट." आणि बाईंकडं बोट केलं. "त्या मराठे या."

बाईंचा पुढं केलेला हात तसाच राहिला. त्यांच्या मुलांकडं मी मुद्दाम बघितलं. एक पोरगी तोंडावर रुमाल धरून बसली होती.

अध्यक्षांनी विचारलं, "प्राध्यापक, हे खरं आहे?"

"हो."

तेवढ्यात शेठ उठला. वकील त्याची बाही ओढत होता, पण इतका वेळ मुकाट ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. जिनं फॉर्म लिहिला तीच आज आपल्यावर उलटली, हे त्याच्या डोक्यात गेलं होतं.

"विचारा की साहेब, त्यांनाच विचारा! दीडशे रुपये मोजून घेतले होते, वर स्वतःच्या लग्नात फुकट मशीन घेतली माझ्याकडनं. मी म्हटलं होतं, बाई, एवढा मोठा कागद एकेकीला वाचायचा तर दुकान कधी चालवायचं? तर याच म्हणाल्या, 'वाचून दाखवले' असं छापूनच टाका, म्हणजे वाचायला नको! आणि आज मला शहाणपणा शिकवतात? चोवीस वर्षांत एकीला वाचून दाखवायची वेळ आली नाही मला, त्यांच्याच कृपेनं!"

वकिलानं डोळे मिटले.

अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, "शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या." मग शेठला म्हणाले, "परत एकदा सांगा, सावकाश."

तेव्हा शेठला कळलं. आधी तो अध्यक्षांकडं बघत होता, मग वकिलाकडं, मग बाकांवरच्या लोकांकडं. शेवटी जमिनीकडं. त्याची मान खाली गेली ती मी नीट बघून घेतली. घाई केली नाही.

बाहेर व्हरांड्यात बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मुलं लांबनंच निघून गेली. मी जवळ गेले.

"झेरॉक्स कुणी कापली? मशीननं का तुम्ही?"

"मी. खालची पट्टी दुमडून काढली."

"आणि म्हणालात, सिद्ध करता येणार नाही."

"जूनला प्रिन्सिपल व्हायचं होतं. सव्वीस वर्षांची होते मी. पहिलं काम होतं ते. नंतर जन्मभर त्याच कागदाच्या विरुद्ध शिकवलं, महानंदा."

"शिकवलंत. पण कागद तसाच चालू राहिला. चोवीस वर्षं."

"मूळ कागद आण म्हणून मीच सांगितलं तुला. आणि वाचायलाही मीच शिकवलं."

"पट्टी दुमडली तीही तुम्हीच, वाचायला शिकवलंत तेही तुम्हीच. दोन्हीचं काय ते तुमचं तुम्ही जुळवा. माझ्या लेकीचे पाव्हणे उठून गेले, ते तुमच्या चौदा नंबरवर."

त्या म्हणाल्या, "मला माफ कर."

मी म्हणाले, "नाही."

निकाल महिन्यानं लागला. मशीन परत द्यायची, नवीकोरी, आणि वर नुकसानभरपाई. पेपरात शेठचं बोलणं जसंच्या तसं छापून आलं. ते कात्रण घेऊन गल्लोगल्लीच्या बायका मंचात उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्याच्या दुकानाला कुलूप लागलं. पेपर वाचून अक्कलकोटचे पाव्हणेही परत आले. "झालं गेलं विसरा," म्हणाले. मी शिवलीलाकडं बघितलं. ती दारात येऊन उभी राहिली, कितीतरी महिन्यांनी, आणि म्हणाली, "मशीन परत घेतली आम्ही. माणसं परत घेत नाही." पोहे न देता लावून दिलं त्यांना. पुढं तिनं बार्शीचा एक कंपाउंडर पसंत केला, स्वतः बघून.

बाई प्रिन्सिपल झाल्या नाहीत. त्यांच्यावर वकिलांच्या संस्थेत तक्रार झाली, जुन्या अशिलाशी, म्हणजे शेठशी, द्रोह केला म्हणून एक, आणि त्याच अशिलाला असला सल्ला दिला म्हणून दुसरी. कॉलेजात फळ्यावर कुणीतरी 'वाचून दाखविले, समजले, मान्य आहे' असं लिहून ठेवलं. ते पुसून त्यांनी तास घेतला, असं शिपाई सांगत होता. सत्र संपल्यावर राजीनामा दिला. मग त्या वस्त्यांतनं फिरायला लागल्या. दर रविवारी देवळाच्या पायरीवर बसून बायकांचे करार मोठ्यानं वाचून दाखवायच्या, पहिल्या कलमापासून शेवटच्या ओळीपर्यंत. सोळा वर्षं. आमच्या वस्तीतही आल्या. मी घरात होते. उठले नाही. शेजारीण म्हणाली, "अक्का, चला की, तुमच्या बाई आल्यात." मी म्हणाले, "मला वाचता येतं."

त्यांनी मला दोन पत्रं पाठवली. दोन्ही मी वाचली. उत्तर लिहिता येत होतं, लिहिलं नाही.

लोक म्हणतात, म्हातारपणी राग निवतो. माझं वय आता सत्तरीच्या पुढं गेलं. ज्या बाईनं मला अक्षर दिलं तिला मी भर सभेत उघडं पाडलं, आणि त्यापायी माझी एका रात्रीचीही झोप उडाली नाही. शेठला पाडायचं होतं, पाडलं. बाईंना पाडायचं आदल्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं, त्यांनाही पाडलं. परत तो दिवस आला तर परत तेच वाचीन, आणि त्या वेळी अडखळणार नाही.

बसवंत मैंदर्गीकर दोन हजार एक साली पौष महिन्यात अर्धांगवायूनं गेला. त्याच्या मयतीला मी मुद्दाम गेले, खात्री करून घ्यायला. शरयू देवस्थळी दोन हजार नऊ सालच्या ऑगस्टच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, सरकारी दवाखान्यात वारल्या. त्यांच्या मयतीला मी गेले नाही.